फॅमिली नव्हे, गिऱ्हाईक!



'बार अँड रेस्टॉरंट' अशी पाटी लावलेल्या जागेत आपल्यासाठी आजवर दोनच शब्द तयार झाले आहेत. एक 'फॅमिली' आणि दुसरा 'लेडीज'. 'फॅमिली' म्हणजे जिना चढून वर जायचे, पडद्याआड बसायचे आणि आपण कुणाच्या तरी घरच्या आहोत हे दिसेल असे वागायचे. 'लेडीज' या शब्दाची तऱ्हा आणखी वेगळी. लेडीज डबा बायकांसाठी असतो, लेडीज सायकल बायकांसाठी असते. पण महाराष्ट्रात 'लेडीज बार' म्हटले की तो पुरुषांसाठी असतो! तिथल्या बायका असतात त्या वाढण्यासाठी आणि पाहिल्या जाण्यासाठी. म्हणजे एक बाई झाकायची, दुसरी दाखवायची. पुरुषाला मात्र उंबरठा ओलांडताच, न मागता, तिसरा शब्द मिळतो : गिऱ्हाईक. पैसे देऊन जेवायला आलेला माणूस. त्याच्यासोबत कोण आहे, तो कुणाचा कोण लागतो, एवढ्या रात्री घराबाहेर का आहे, हे त्याला कुणी विचारत नाही.

हा तिसरा शब्द आपल्यालाही हवा आहे, एवढेच मला या लेखात म्हणायचे आहे. विषय किरकोळ वाटेल. घरात मार खाणाऱ्या बायकांचे प्रश्न बाकी असताना हॉटेलातल्या जेवणावर लेख कसला, असे एखादी कार्यकर्ती म्हणेलही. पण बाईने रात्री कुठे बसावे, कुठे खावे, कुठे लघवीला जावे हे दुसऱ्याने ठरवणे आणि तिने घरात कसे वागावे हे दुसऱ्याने ठरवणे, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत असे मला वाटत नाही.

मी वर्धेची. गावोगावच्या दारूबंदी महिला मंडळांबरोबर काम करते. त्यामुळे बारमधल्या जेवणाची तक्रार माझ्या तोंडी शोभत नाही, असेही काहींना वाटेल. आमच्या जिल्ह्यात सत्तरच्या दशकापासून दारूबंदी आहे. गांधीजींची कर्मभूमी म्हणून ती आली. अर्थात बंदी आहे म्हणजे दारू नाही असे नाही. मोहाची हातभट्टी आहे, शेजारच्या जिल्ह्यांतून चोरून येणारी देशी-विदेशी आहे, आणि ती पकडून देणाऱ्या बायकांना मिळणाऱ्या धमक्याही आहेत. पण कायद्याने बार नाही. बार आहेत ते जिल्ह्याची हद्द संपली की.

गेल्या पावसाळ्यात यवतमाळला दिवसभराची बैठक आटोपून आम्ही पाचजणी भाड्याच्या गाडीने परत येत होतो. एक अंगणवाडी सेविका, दोन आशा, बचत गटाची अध्यक्ष असलेली एक शेतमजूर बाई आणि मी. वाटेत गाडी पंक्चर झाली, पाऊस लागला, नऊ वाजत आले. दुपारी खाल्लेल्या पोह्यांवर सगळ्या होत्या. नदी ओलांडण्याआधी रस्त्यावर दिवे लागलेली आणि चूल पेटलेली एकच जागा दिसली, ती म्हणजे एक बार अँड रेस्टॉरंट. पाटीवर 'शुद्ध शाकाहारी व मांसाहारी भोजन' असेही लिहिले होते. आम्हाला त्या ओळीशी कर्तव्य होते.

काउंटरवरच्या माणसाने आमच्याकडे पाहिलेच नाही. आमच्या मागे पाहिले. "संगं जेन्ट्स कोण हाय?" गाडी चालवणारा बावीस वर्षांचा मुलगा मागून येत होता, त्याला पाहून तो निर्धास्त झाला. "त्यांना इथं बसवतो. लेडीज वरतं. फॅमिली वरतं हाय." खालच्या हॉलमध्ये चार टेबले रिकामी होती. दाराजवळच्या, पंख्याखालच्या टेबलाकडे बोट दाखवून मी म्हटले, आम्ही इथेच बसतो. "नाही मॅडम, इथं लेडीजले बसवत नाही. तुमच्याच सोयीसाठी हाय."

वर प्लायवूडचे खण होते. प्रत्येक खणाला मळका पडदा, एक पिवळा बल्ब, खिडकीला ठोकलेला पत्रा. पाणी यायला पंचवीस मिनिटे लागली. शेवभाजी, वांग्याची भाजी, वरण-भात आणि पोळ्या सांगितल्या होत्या. आली ती लाल तेलात बुडालेली शेवभाजी, साय धरलेले वरण आणि चामड्यासारख्या थंड तंदुरी रोट्या. वांगी आलीच नाहीत. भात आला तेव्हा भाजी संपली होती. वाढणारा मुलगा स्वभावाने चांगला होता. शेवटी त्यानेच खरे सांगितले : "वरच्याले दारू लागत नाही ना ताई. बिल लहान, टिप लहान. खालचे टेबल सोडून वर कोण येईन?" लघवीला जायचे तर जिना उतरून, सगळा हॉल ओलांडून मागे जायचे, तिथे 'स्त्रिया' लिहिलेल्या दाराला कुलूप आणि आत रिकाम्या बाटल्यांचे क्रेट. दोनदा कुणीतरी 'चुकून' पडदा सरकवला. दुसऱ्यांदा सरकला तेव्हा आमची अध्यक्ष म्हणाली, "आपल्याले जेवाचं हाय का लपाचं हाय वो बाई?"

बिल आले नाही. खाली गाडीवाल्या मुलाकडे गेले. तो बिचारा नऊशे चाळीस रुपयांचा कागद हातात घेऊन, लाजून वर आला : "ताई, मलेच देऊन रायले." त्याने खाली काय खाल्ले ते विचारले. वांग्याची भाजी, गरम पोळ्या, कांदा-लिंबू. वीस मिनिटांत. चूल एकच होती, आचारी एकच होता, दर एकच होता.

निराशा करणारे जेवण सगळ्यांच्याच वाट्याला कधी ना कधी येते. त्यासाठी कुणी त्रैमासिकात लिहीत नाही. पण इथे अन्न थंड का होते याला कारण होते. आम्हाला वर का बसवले, याचे जे कारण तेच. आम्ही तिथे गिऱ्हाईक नव्हतोच. आम्ही सांभाळून ठेवायचा एक ऐवज होतो, आणि ऐवजाला भूक नसते.

आता 'तुमच्याच सोयीसाठी' या वाक्याकडे पाहू. हे वाक्य आपण जन्मापासून ऐकतो. मुलीला शाळेतून काढतात ते तिच्याच सोयीसाठी, लग्न लवकर लावतात ते तिच्याच सोयीसाठी. सोय असेल तर ती नाकारता आली पाहिजे. ज्या बाईला, ज्या कुटुंबाला आडोसा हवा आहे, तिने खुशाल वर बसावे. लेकराला पाजायचे आहे, चार घटका शांत बसायचे आहे, तर तशी खोली जरूर असावी. पण खाली जागा असताना, आम्ही मागत असताना, केवळ बाया आहोत म्हणून वर पाठवणे ही सोय कशी? ती सक्ती झाली.

मालकांचे दुसरे म्हणणे असते की खाली पिणारे लोक असतात, काही बोलले-चालले तर? ही भीती खोटी नाही. पण मग बंदोबस्त कुणाचा व्हायला हवा? ज्याला दारू चढते त्याच्याकडून पैसे घेऊन त्याला पंख्याखाली बसवायचे, आणि जिला त्याचा त्रास होईल तिला पत्रा ठोकलेल्या खोलीत कोंडायचे! शिवाय त्या खोलीत आम्ही सुरक्षित होतो का? हॉलमध्ये वीस माणसांसमोर कुणी अंगचटीला येताना दहादा विचार करेल. पडद्याआड काय झाले ते कुणाला दिसते? पडद्याने बाई झाकली जाते तशी तिच्यावरची आगळीकही झाकली जाते.

तिसरे म्हणणे आपल्याच लोकांचे. बार बंद झाला की हे प्रश्न आपोआप संपतील, असे चळवळीतले कितीतरी भाऊ सांगतात. इथे मला आमच्या जिल्ह्याची साक्ष काढायची आहे. वर्ध्यात बार नाही. मग रात्री नऊला आमच्या गावांतल्या चहाच्या टपरीवर, पानठेल्यावर, चौकातल्या ओट्यावर बाया बसलेल्या दिसतात का? तिथे दारू मिळत नाही, सुपारी आणि चहा मिळतो. तरीही तिथे एक बाई नसते. पन्नास वर्षांच्या आसपास कागदोपत्री कोरड्या राहिलेल्या जिल्ह्यात संध्याकाळ अजून पुरुषांचीच आहे. म्हणजे तो पडदा दारूने शिवलेला नाही. रात्र आणि रस्ता पुरुषांचा, बाईने तिथून जायचे तर खाली मान घालून, कामापुरते आणि कुणाच्या तरी सोबतीने, ही समजूत त्याच्यामागे आहे. दारू त्या समजुतीला निमित्त देते, जोर देते. बाटली गेली तरी समजूत शाबूत राहते.

म्हणून दारूबंदीचे काम सोडा, असे मी म्हणत नाही. उलट, ते काम बायांनी किती कष्टाने उभे केले आहे याची आठवण ठेवूनच बोलते आहे. १९३० मध्ये गांधीजींनी दारूच्या दुकानांवरची निदर्शने खास स्त्रियांकडे सोपवली. गडचिरोलीत लोकांच्या रेट्यामुळे १९९३ मध्ये बंदी आली. चंद्रपूरसाठी २०१० च्या डिसेंबरात श्रमिक एल्गारच्या बाया चिमूरहून नागपूरच्या विधानभवनापर्यंत चालत गेल्या. २०१५ मध्ये बंदी लागू झाली आणि २०२१ मध्ये सरकारने ती उठवलीही. गावातले दुकान बंद करण्यासाठी मतदानाची तरतूद आहे. पंचवीस टक्के महिला मतदारांनी मागणी करायची, मग उभी बाटली की आडवी बाटली यावर मत द्यायचे. मजुरी बुडवून बाया त्या रांगेत उभ्या राहिल्या आहेत. बाटली आडवी करण्याएवढी ताकद ज्या बायांच्या शिक्क्यात आहे, त्यांना हॉटेलात बसायला खुर्ची मागता येऊ नये?

सरकारचा अनुभवही आपल्याला आहे. 'स्त्रियांच्या प्रतिष्ठेसाठी' म्हणून महाराष्ट्र सरकारने २००५ मध्ये डान्सबारवर बंदी घातली. तारांकित हॉटेलांना मात्र त्यातून वगळले. प्रतिष्ठेची व्याख्या हॉटेलाच्या दरानुसार बदलते, हे आपल्याला तेव्हा कळले! बंद झाले ते बायांचे पोट. मालकांनी दुसरे धंदे काढले. स्त्री-चळवळीतही या प्रश्नावर दोन तट पडले होते. २००६ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने ती बंदी रद्द केली आणि २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल कायम ठेवला. त्याआधी, २००७ मध्ये, अनुज गर्ग खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने पंजाबच्या १९१४ च्या अबकारी कायद्यातले एक कलम रद्द केले. जिथे दारू प्यायली जाते तिथे स्त्रियांना नोकरी देण्याची मनाई त्या कलमात होती. बाईच्या रक्षणाच्या नावाखाली तिची रोजी आणि तिची मोकळीक काढून घेता येणार नाही, हे त्या निकालाचे सार. काम करणाऱ्या बाईला जर दाराबाहेर ठेवता येत नाही, तर जेवणाऱ्या बाईला जिन्यावर कसे पाठवता येते?

आणि त्याहूनही जुना, त्याहूनही पक्का आधार आपल्याकडे आहे. राज्यघटनेचे कलम १५, उपकलम २. धर्म, वंश, जात, लिंग, जन्मस्थान एवढ्याच कारणावरून कोणत्याही नागरिकावर दुकाने, सार्वजनिक उपाहारगृहे, हॉटेले यांच्या प्रवेशाबाबत बंधन किंवा अट लादता येणार नाही, असे ते सांगते. या यादीत उपाहारगृह आहे आणि लिंगही आहे, हे नीट वाचून ठेवा. हे कलम उगाच आलेले नाही. हॉटेलाच्या बाहेर टांगलेल्या वेगळ्या कपातून चहा पिण्याची सक्ती ज्यांनी सोसली, १९२७ मध्ये महाडच्या तळ्यावर ज्यांनी मार खाल्ला, त्यांच्या लढ्यातून ते आले. आमच्या वर्धेतले लक्ष्मीनारायणाचे मंदिर जमनालाल बजाजांनी १९२८ मध्ये अस्पृश्य मानलेल्यांना खुले केले. ज्या गावाला या दाराचा अभिमान आहे, त्या गावच्या लेकींनी पडद्यापुढे गप्प बसावे हे बरे नाही. जातीचा अपमान आणि हा अपमान एकच आहे असा माझा दावा नाही. दलित बाईला तर दोन्ही सोसावे लागतात. पण 'तुला जेवण मिळेल, फक्त इथे बसून नाही' या वाक्याची घडण दोन्हीकडे सारखी आहे.

हे केवळ आपल्याकडेच घडते असेही नाही. लंडनच्या फ्लीट स्ट्रीटवर एल व्हिनो नावाचे मद्यगृह होते. वकील आणि पत्रकार तिथे उभ्याने पीत, बातम्यांची देवघेव करत. स्त्रियांना काउंटरवर उभे राहू देत नसत. त्यांनी मागच्या खोलीत टेबलाशी बसायचे! पत्रकार ॲना कूट आणि वकील टेस गिल कोर्टात गेल्या आणि १९८२ मध्ये जिंकल्या. ऑस्ट्रेलियात ब्रिस्बेनच्या रीगाटा हॉटेलात १९६५ मध्ये मर्ल थॉर्नटन आणि रोझली बॉग्नर या दोघींनी स्वतःला बारच्या दांडीला साखळीने बांधून घेतले, कारण तिथल्या कायद्यानुसार सार्वजनिक बारमध्ये स्त्रीला पेय देता येत नव्हते. या बायांना काय प्यायचे होते हा मुद्दाच नव्हता. जिथे गावच्या गोष्टी ठरतात त्या जागेतून आपल्याला वगळू नका, हे त्यांचे म्हणणे होते. आमच्या तालुक्यातही ठेकेदारी कुणाला, उमेदवारी कुणाला, हे ग्रामसभेत कमी आणि असल्या टेबलांवर जास्त ठरते. निवडून आलेली सरपंच बाई घरी असते, आणि तिचा नवरा त्या टेबलावर!

'ही शहरी, शिकलेल्या बायांची हौस आहे' असेही म्हटले जाईल. तर मग रात्री बाहेर असणाऱ्या बाया कोण, ते मोजू. बाळंतिणीला घेऊन मध्यरात्री दवाखान्यात जाणारी आशा. सेवाग्राम-सावंगीला पेशंटजवळ थांबलेली खेड्यातली आई. एसटीची कंडक्टर. पाळी संपवून निघालेली नर्स. आठवडी बाजार उठल्यावर परतणारी भाजीवाली. हौस म्हणून यांपैकी कुणी बाहेर नाही. २०१७ च्या दुकाने व आस्थापना कायद्याने बाईला, तिची संमती असेल तर आणि सुरक्षिततेची व्यवस्था करून, रात्री साडेनऊनंतरही काम करण्याची मुभा दिली. मार्च २०२३ पासून एसटीत बायांना अर्धे तिकीट झाले. म्हणजे रात्री राबायची परवानगी मिळाली, प्रवासाची सवलत मिळाली, पण रात्री दोन घास बसून खायची जागा मिळाली नाही. आणि ज्या बाईने जन्मभर सगळ्यांना गरम वाढून स्वतः शेवटी थंड खाल्ले, तिला पैसे मोजूनही थंडच वाढायचे?

तेव्हा मागण्या सरळ आहेत. 'फॅमिली रूम' ऐच्छिक असावी, आणि 'स्त्रियांना हवे तिथे बसता येईल' अशी पाटी दर्शनी भागात असावी. जिथे खाण्याचीही सोय आहे अशा जागेला परवाना देताना राज्य उत्पादन शुल्क खात्याने ही अट घालावी. महामार्गावरच्या प्रत्येक उपाहारगृहात बायांचे स्वच्छतागृह उघडे, उजेडाचे आणि हॉल न ओलांडता जाता येईल असे असावे. एसटी स्टँडवरची उपाहारगृहे शेवटची गाडी येईपर्यंत चालू राहावीत आणि ती चालवायला देताना बचत गटांचा आधी विचार व्हावा. प्रेमाताई पुरव यांनी १९७५ मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळ काढून गिरणगावातल्या खानावळवाल्या बायांना एकत्र आणले, तेव्हा बाया नुसत्या रांधत नाहीत तर खानावळीचा धंदाही करतात हे मुंबईने पाहिले. आपल्या गटांनी चालवलेल्या खानावळीत बाईला 'सोबत कोण आहे' असे विचारले जाणार नाही, एवढी खात्री तरी देता येईल.

पण मागण्यांची वाट पाहत बसू नये. प्रत्येक गटाने महिन्यातून एका संध्याकाळी, चार-पाचजणींनी मिळून, आपल्या गावातल्या किंवा वाटेवरच्या एखाद्या उपाहारगृहात जावे. खाली, हॉलमध्ये, दिसेल अशा टेबलावर बसावे. भांडायला नव्हे, जेवायला. वर जा म्हटले तर शांतपणे कारण विचारावे, कलम १५ (२) चा कागद पुढे ठेवावा, नकार लेखी मागावा. तारीख, वेळ आणि उत्तर वहीत टिपावे. वाढणाऱ्या मुलावर राग काढू नये. तोही महिन्याच्या पगारावर मालकाचा नियम सांगत असतो. आणि बिल आपल्या हातात मागून घ्यावे.

दहा गावांतून अशा दहा वह्या भरल्या की जिल्हाधिकाऱ्यांपुढे ठेवायला आपल्याकडे काहीतरी असेल. तुमच्या तालुक्यात काय दिसते, कोण काय म्हणाले, कुठे विनातक्रार बसू दिले, तेही जरूर लिहून पाठवा. चांगल्या जागांची नावेही एकमेकींना कळायला हवीत. रात्री प्रवास करणाऱ्या बाईला ती यादी भाषणापेक्षा जास्त उपयोगी पडेल.